यंत्राला हवा, शेजाऱ्याला झोप

यवतमाळहून उमरखेडकडे निघालं की चाळीसेक किलोमीटरवर अरुणावतीच्या काठी आर्णी लागतं. तालुक्याचं ठिकाण, आजूबाजूला कपाशीची शेतं आणि मधोमध दाटीने वसलेली वस्ती. अशा गावांत घर आणि धंदा वेगळे नसतात. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड. एका भिंतीअलीकडे पिठाची चक्की, पलीकडे दहावीचा अभ्यास. चक्की नसली तर पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर असतो, पाण्याच्या जारवाल्याचा पंप असतो, दवाखान्याचा किंवा मंगल कार्यालयाचा जनरेटर असतो. भारनियमनाच्या वर्षांत तर बाजारपेठेत दुकानागणिक जनरेटर धडधडत होते. यंत्र बंद करणं हा उपाय नाही, कारण त्यावर कुणाचं तरी पोट आहे. आणि ते ऐकत राहणं हाही उपाय नाही, कारण पलीकडे कुणीतरी आजारी आहे, कुणाचं तान्हं झोपलं आहे.

मग एक लहान खोली बांधून यंत्र तिच्यात बंद करायचं ठरतं. इथपर्यंत सगळं बरोबर असतं. चूक होते ती पुढे. कुणीतरी सांगतं, आतून अंड्यांचे ट्रे लावा. कुणी थर्माकोल सुचवतं. खर्च होतो आणि आवाज होता तिथेच राहतो. खोली शांत करण्याचं शास्त्र अवघड नाही, पण त्यातल्या चार गोष्टी वेगवेगळ्या आहेत: आवाज अडवणं, आवाज शोषणं, कंप तोडणं आणि हवा खेळती ठेवणं. एकीचं काम दुसरी करत नाही. विदर्भाच्या उन्हात यातली चौथी सगळ्यांत महत्त्वाची आहे, आणि तिचाच विचार सर्वांत शेवटी होतो.

वजन अडवतं

हवेतून आलेला आवाज भिंतीला हलवतो आणि हललेली भिंत पलीकडची हवा हलवते. भिंत जितकी जड, तितकी ती कमी हलते. ढोबळ हिशोब असा, की भिंतीचं वजन दुप्पट केलं तर आवाज आणखी ५ ते ६ डेसिबेल अडतो. डेसिबेलचं मोजमाप साध्या बेरजेचं नसतं. ३ डेसिबेल कमी झाले तर आवाजाची शक्ती निम्मी होते. पण कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबेल उतरावे लागतात.

आता एक चौरस फूट भिंतीचं वजन पाहा. नऊ इंची विटांची भिंत चौरस फुटाला सुमारे ४० किलो भरते, साडेचार इंची २० किलो. सहा इंची सिपोरेक्स ब्लॉकची भिंत दिसायला जाड असली तरी आठ-नऊ किलोच असते, कारण ब्लॉकमध्ये हवेचे बुडबुडे असतात. अर्धा मिलिमीटर टिनपत्रा भरतो अर्ध्या किलोहूनही कमी. थर्माकोलचं वजन तर सांगण्यासारखंही नाही. म्हणून नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली असेल तर ५० डेसिबेलच्या आसपास आवाज अडवते, टिनपत्रा २०च्या आसपास, आणि थर्माकोल जवळपास काहीच नाही. गावातल्या जुन्या मातीच्या, दीड-दोन फूट रुंदीच्या भिंतींची घरं आतून शांत वाटतात, त्यामागेही हेच वजन आहे.

सिपोरेक्स उष्णता चांगली अडवतं, म्हणून ते आवाजही अडवेल असं मानून अनेक जण यंत्राच्या खोलीला तेच वापरतात. उष्णता अडवायला पोकळपणा लागतो, आवाज अडवायला वजन. यंत्राच्या खोलीला वीटच बरी, मग ती मातीची असो की फ्लायॲशची. छताचंही तसंच. टिनाचं किंवा कवेलूंचं छत ठेवून भिंती कितीही जाड केल्या तरी आवाज वरून निघून जातो. इथे स्लॅबच हवा.

पण आवाज फटीतून जातो

यंत्राच्या खोलीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही: खोली तिच्या सर्वांत कमजोर जागेइतकीच शांत असते. हे आकड्यांत पाहिलं की पटतं.

समजा, खोलीची पुढची भिंत १० बाय १० फूट आहे, म्हणजे १०० चौरस फूट. भिंत नऊ इंची, ५० डेसिबेल अडवणारी. तिच्यात ३ बाय ७ फुटांचं साधं टिनाचं दार, २० डेसिबेलचं. वर हवेसाठी २ चौरस फुटांचा उघडा झरोका. या तिन्हींतून जाणाऱ्या शक्तीची बेरीज केली तर ही अख्खी बाजू फक्त १७ डेसिबेल अडवते. झरोका पूर्ण बंद केला तर आकडा २७ वर जातो. दार बदलून ३५ डेसिबेलचं, कडेने रबर लावलेलं जड दार बसवलं तर ४१. भिंतीत एकही वीट वाढवलेली नाही आणि २४ डेसिबेलचा फरक पडला. उलट, झरोका आणि टिनाचं दार तसंच ठेवून भिंत दुप्पट जाड केली असती, तर १७चे १७च राहिले असते. विटांचे पैसे मात्र गेले असते.

दाराखालच्या फटीचाही हिशोब करून पाहा. ३ फुटी दाराखाली अर्धा इंच फट म्हणजे दाराच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी जागा. पण तेवढ्याने ३५ डेसिबेलचं दार २२वर येतं. म्हणून यंत्राच्या खोलीला उंबरठा हवा, दार त्याच्यावर टेकलं पाहिजे आणि टेकताना मधली रबराची पट्टी दबली पाहिजे. साध्या कडीने पट्टी दबत नाही. दाराला ओढून घेणारी, पाचर असलेली कडी लागते. दार स्वतः जड करायचं तर ठोकळ फ्लश दाराला बाहेरून २ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा जोडावा. पत्रा आणि लाकूड यांच्यामध्ये रबराचा किंवा डांबरी थर असला तर पत्रा खणखणत नाही.

आर्णीच्या परिसरात आणखी एक फट आहे, ती जमीन स्वतः तयार करते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. जुन्या घराला नंतर जोडलेल्या खोलीचा पाया जर वरच्यावर असेल, तर दोन्ही बांधकामं वेगवेगळी हलतात आणि जोडावर वरपासून खालपर्यंत भेग पडते. ३ मिलिमीटर रुंद आणि १० फूट उंच अशी एक भेग १०० चौरस फुटांच्या भिंतीची क्षमता ३० डेसिबेलच्या पुढे जाऊ देत नाही, मग भिंत ५०ची असो वा ६०ची. अशा भेगेत सिमेंट भरलं तर पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते. तिथे ताणलं जाणारं सीलंट भरावं. नवी खोली बांधणार असाल तर पाया मुरुमापर्यंत न्यावा आणि जुन्या घराच्या भिंतीशी भिंत बांधून न घेता मध्ये बोटभर जागा ठेवून ती नरम भरावाने बुजवावी. याचा दुसरा फायदा कंपाच्या भागात येईल.

फटी शोधायला उपकरण लागत नाही. रात्री खोलीत मोठा दिवा लावावा, दार बंद करावं आणि बाहेरच्या अंधारातून खोलीभोवती फिरावं. वायर जिथून बाहेर पडते ते भोक, चौकटीचा कोपरा, स्लॅब आणि भिंतीचा सांधा, जिथे उजेड दिसेल तिथून आवाजही येणार.

शोषण कशासाठी

मग ते आतून लावायचं मऊ साहित्य निरुपयोगी आहे का? तसं नाही. त्याचं काम वेगळं आहे. गिलावा केलेल्या बंद खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत परत फिरतो आणि साठतो. म्हणून उघड्यावर ठेवलेल्या यंत्रापेक्षा खोलीतलं तेच यंत्र जास्त कर्कश वाटतं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यान सभागृहात नीट ऐकू येत नव्हतं. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने रात्री-रात्री तिथे खुर्च्यांवरच्या गाद्या आणून मांडल्या, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं, आणि त्यातून नादशास्त्राचं एक मूलभूत सूत्र निघालं: खोलीत जितकं शोषक क्षेत्र जास्त, तितका आवाज लवकर विरतो.

८ बाय १० फुटांच्या, १० फूट उंच खोलीच्या निम्म्या पृष्ठभागावर २ इंच जाडीचं रॉकवूल लावलं तर आतला साठलेला आवाज ८ ते १० डेसिबेलने उतरू शकतो. हा फायदा बाहेर जातोच, पण पहिल्यांदा मिळतो तो आत उभ्या असलेल्या माणसाला. चक्कीवर दिवसभर काम करणाऱ्याच्या कानाची काळजी फार कमी जण करतात. भारतात कारखान्यांसाठी ८ तासांची मर्यादा ९० डेसिबेल आहे, अनेक देशांनी ती ८५ मानली आहे. शेजाऱ्यासाठी खोली बंद करताना चक्कीवाल्याला त्याच आवाजात कोंडणं बरोबर नाही. अस्तर लावावं आणि कानात बोळे किंवा कानावर मफ असावेत.

अंड्यांचे ट्रे फक्त अगदी तीक्ष्ण आवाज थोडा शोषतात. यंत्राची घरघर त्यांना दादच देत नाही. कारण तरंगलांबीत आहे. १००० हर्ट्झच्या आवाजाची लाट ३४ सेंटिमीटरची, तर १०० हर्ट्झची सुमारे साडेतीन मीटरची. जाडी लाटेच्या मानाने नगण्य असेल तर शोषण होत नाही. शिवाय कागदी ट्रे, फोम आणि थर्माकोल पेट घेतात. कापसाच्या जिल्ह्यात जुन्या गाद्या, रजया सहज मिळतात आणि कापूस आवाज चांगला शोषतो, हेही खरं. पण डिझेल, तापलेला सायलेन्सर आणि उडणाऱ्या ठिणग्या जिथे आहेत तिथे कापूस ठेवणं म्हणजे आग बोलावणं. रॉकवूल दगडापासून बनतं, जळत नाही. चक्कीच्या खोलीत मात्र ते उघडं ठेवू नये, कारण त्याचे तंतू पिठात जातील आणि पीठ त्याच्यात बसेल. त्यावर काचतंतूंचं घट्ट कापड आणि वर भोकं पाडलेला पत्रा लावावा, आणि पत्र्यावरचं पीठ नियमित झाडावं. हवेत उडालेलं पीठ स्वतःही पेटू शकतं.

कंप जमिनीतून जातो

कधी कधी खोली सगळीकडून बंद होते आणि तरी शेजारच्या घरात भांडी थरथरतात. हा आवाज हवेतून आलेला नसतो. यंत्र फरशी हलवतं, फरशी पाया हलवते आणि शेजाऱ्याची भिंत लाउडस्पीकरच्या पडद्यासारखं काम करते. यावर वजन किंवा अस्तर काही करू शकत नाही. यंत्र आणि इमारत यांच्यातला कठीण दुवाच तोडावा लागतो. जुन्या घरापासून सोडलेली बोटभर जागा इथेही कामी येते.

मिनिटाला १४४० फेरे फिरणारी मोटर सेकंदाला २४ वेळा ठोका देते. तिच्याखाली असा आधार हवा, जो यंत्राच्या वजनाने साधारण ४ मिलिमीटर दबेल. असा आधार स्वतः सेकंदाला आठेक वेळा हेलकावे घेतो, आणि मग मोटरच्या ठोक्याचा जेमतेम आठवा हिस्सा खाली पोहोचतो. टायरचा कडक तुकडा खाली सरकवला तर तो दबतच नाही, म्हणून काही वाचवतही नाही. आणि थोडासाच मऊ, चुकीच्या मापाचा आधार दिला, ज्याचा स्वतःचा हेलकावा मोटरच्या ठोक्याशी जुळतो, तर कंप उलट वाढतो. म्हणून रबर किंवा स्प्रिंगचे पॅड यंत्राचं वजन आणि फेरे सांगूनच घ्यावेत. यंत्र जड काँक्रीटच्या ठोकळ्यावर, ठोकळा पॅडवर, आणि ठोकळ्याभोवती भिंतीपासून मोकळी जागा, ही रचना सर्वांत भरवशाची. यंत्र आणि मोटर एकाच ठोकळ्यावर असावेत, नाहीतर पट्टा ताणात राहत नाही. जनरेटरच्या धुराच्या नळीला मध्ये लवचीक तुकडा द्यावा आणि ती भिंतीतून जाते तिथे सिमेंटने चिणू नये. भोवती रॉकवूल दाबून भरावं.

हवा खेळती हवी

आता खरी कसोटी. फटी बुजवल्या, दार घट्ट झालं, झरोका बंद केला, आणि मे महिना आला. यवतमाळ जिल्ह्यात पारा ४५च्या घरात जातो. सर्वसाधारण मोटरी ४० अंश भोवतालच्या तापमानासाठी बनवलेल्या असतात, म्हणजे बाहेरच मर्यादा ओलांडलेली असते. १० अश्वशक्तीची मोटर घेते ती जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत आणि पिठात उतरते. दर किलोवॅट उष्णतेमागे खोली बाहेरच्यापेक्षा १० अंशांनीच तापावी असं म्हटलं, तरी तासाला सुमारे ३०० घनमीटर हवा आत-बाहेर व्हावी लागते. ५ अंशांवर ठेवायचं तर ६००. वर पाहिलेल्या खोलीत मावते सारी २३ घनमीटर हवा. म्हणजे एका किलोवॅटसाठीसुद्धा तासातून तेरा ते सव्वीस वेळा खोलीतली सगळी हवा बदलायला हवी. डिझेल जनरेटरला तर जाळण्यासाठी आणखी हवा लागते, आणि त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो. धुराची नळी छताच्या वर, कुणाच्याही खिडकीपासून दूर जायलाच हवी.

सिनेमावाल्यांना हा पेच फार पूर्वी पडला होता. बोलपट आले तेव्हा कॅमेऱ्याचीच घरघर ध्वनिमुद्रणात येऊ लागली. हॉलीवूडमध्ये कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही बंद खोक्यात ठेवलं जाऊ लागलं, आणि आत माणसं उकडून निघत.  पुढे खोकं बाद झालं आणि कॅमेऱ्यापुरतंच जाड आवरण आलं. आवरण यंत्राच्या जितकं जवळ, तितकं ते लहान आणि सोपं. आजच्या जनरेटरची कॅनॉपी हे त्याच विचाराचं रूप आहे. १ जानेवारी २००५ पासून बनलेल्या, १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरचा आवाज आवरणापासून १ मीटरवर ७५ डेसिबेलच्या आत असणं बंधनकारक झालं. जुन्या जनरेटरसाठी खोली किंवा आवरण किमान २५ डेसिबेल आवाज घटवणारं असावं, असा नियम आहे.

हवा जाऊ द्यायची आणि आवाज मारायचा, यासाठी वाट वाकडी करावी लागते. झरोक्यावर बाहेरून विटांचा किंवा जाड पत्र्याचा, चार-पाच फूट लांबीचा बंद बोगदा बांधायचा. त्यात दोन वळणं द्यायची आणि आतून २ इंच रॉकवूल लावायचं. बोगदा रुंद असेल तर मधे रॉकवूलचे पडदे उभे करून त्याचे चार-सहा इंची कप्पे पाडायचे, कारण अरुंद वाटेत आवाज अस्तरावर जास्त वेळा आपटतो. सगळ्या कप्प्यांची मोकळी जागा मिळून मात्र झरोक्याच्या मापापेक्षा कमी होता कामा नये. हवा वळणं घेत निघून जाते. आवाज प्रत्येक वळणावर शक्ती हरवतो. असा बोगदा सहज २० डेसिबेल आवाज मारतो. वरच्या उदाहरणात जड दार ठेवून उघड्या झरोक्याच्या जागी तो बसवला, तर खोलीची पुढची बाजू ३६ डेसिबेलवर थांबते. पूर्ण बंद खोलीच्या ४१पेक्षा फक्त ५ने कमी, आणि यंत्र जिवंत राहतं.

असे दोन बोगदे हवेत. हवा आत येण्याचा खाली, उत्तरेकडे किंवा सावलीत. बाहेर जाण्याचा समोरच्या भिंतीवर वर. एक्झॉस्ट पंखा बाहेर जाण्याच्या वाटेवर आणि बोगद्याच्या आतल्या तोंडाशी असावा, म्हणजे त्याचाही आवाज अस्तरातूनच जातो. वळणांमुळे पंख्याला जोर लागतो, म्हणून हिशोबापेक्षा एक माप मोठा पंखा घेऊन तो हळू चालवावा. दोन्ही तोंडं शेजाऱ्याच्या खिडकीकडे नकोत, एवढ्या साध्या गोष्टीनेही बराच फरक पडतो.

मोजायचं कुठे

केंद्र सरकारच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे, व्यापारी भागात ६५ आणि ५५. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरवता येतं. तिथे ५० आणि ४०. नियमांत तक्रारीची तरतूद आहे, पण ती मर्यादेहून आवाज १० डेसिबेलने वाढल्यावर लागू होते, म्हणजे कानाला दुप्पट वाटू लागल्यावर. तोवर शेजाऱ्याच्या किती रात्री गेलेल्या असतात, हे कागदावर येत नाही.

म्हणून मोजमाप आपणच घ्यावं, आणि ते आपल्या दाराशी न घेता शेजाऱ्याच्या खिडकीशी, रात्रीच्या वेळी घ्यावं. मोबाइलवरचं मापक अगदी अचूक नसलं तरी यंत्र सुरू असताना आणि बंद असताना पडणारा फरक ते सांगतं. मात्र इथेही एक पळवाट आहे. नेहमीचं मापन माणसाच्या कानाप्रमाणे खर्ज आवाजाला कमी वजन देतं. १०० हर्ट्झला ते १९ डेसिबेल वजा करूनच आकडा दाखवतं. त्यामुळे आकडा नियमात बसूनही जनरेटरची घरघर पलीकडच्या उशीपर्यंत पोहोचू शकते. तिथे माणसालाच विचारावं लागतं.

खर्चाचा क्रम आता उघड आहे. आधी फटी आणि दार, मग हवेचे बोगदे, मग कंपाचे पॅड, मग अस्तर, आणि भिंत जाड करणं सर्वांत शेवटी. खोली नव्याने बांधायची असेल तर यातलं बहुतेक काम पाया आखतानाच जवळपास त्याच पैशांत होतं: दार कोणत्या बाजूला, झरोका कुठे, ठोकळा भिंतीपासून किती दूर. गवंड्याला हे आराखड्यातच सांगावं. यंत्र लावणाऱ्याने शेजाऱ्याच्या झोपेचा हिशोब आपल्या खर्चात धरावा. ती किंमत शेजाऱ्याने तक्रार करून मागायची वेळ येऊ देऊ नये.